मॅडम स्लाइड वाचतात

माझ्या ड्राइव्हवर ऑक्टोबर 2019 मधली एक एक्सेल शीट आहे. नाव 'फीडबॅक फायनल 2'. मधल्या काळात दोन लॅपटॉप आणि तीन फोन झाले, पण कॉलेजचं फोल्डर कधी डिलीट केलं नाही. त्या फोल्डरात ही शीट पडून होती. 61 ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे आमच्या वर्गातल्या एकेकाचं एका मॅडमबद्दलचं मत. मी तेव्हा सीआर होतो, म्हणून कागदावरचे सगळे फॉर्म शीटमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मागच्या महिन्यात ऑफिसात अप्रेझल सुरू झालं. एका सहकाऱ्याबद्दल 'मोकळेपणाने' चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिल्या, आणि लिहिता लिहिता ही शीट आठवली. रात्री उघडून पूर्ण वाचली. आपल्याकडे कथेची समीक्षा होते, सिनेमाची होते, वेब सिरीजची तर पहिला एपिसोड संपायच्या आत होते. विद्यार्थ्यांनी शिक्षकांबद्दल लिहिलेल्या मतांची मात्र कुणी करत नाही. खरं तर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण सबमिशन सोडून जे काही लिहितो त्यातलं बरंचसं लेखन हेच असतं. म्हणून या 61 ओळी एखादा मजकूर वाचावा तशा वाचून बघतो आहे.

आधी विषय सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासक्रमात सातव्या सेमला 'इन्स्टिट्यूट लेव्हल ऑप्शनल' नावाचा प्रकार होता. त्यात 'मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टीम' हा एक पर्याय. 80 मार्कांची लेखी, 20 इंटर्नल, प्रॅक्टिकल नाही. आम्ही तो का घेतला हे त्या 'प्रॅक्टिकल नाही' मध्ये आलं. प्लेसमेंटचा हंगाम, अ‍ॅप्टिट्यूडच्या टेस्ट, प्रोजेक्टचं रडगाणं, आणि त्यात हा दुपारी साडेतीनचा तास. शिकवायला आलेल्या मॅडम व्हिजिटिंग होत्या. पन्नाशीच्या पुढच्या. एका कारखान्याच्या ईडीपी विभागात वीसेक वर्षं काढलेल्या. ईडीपी म्हणजे काय हे आम्हाला त्यांना विचारावं लागलं होतं.

आता मजकुराकडे. फॉर्ममध्ये आठ प्रश्न होते आणि त्यांना 1 ते 5 गुण द्यायचे होते: विषयाचं ज्ञान, आवाज, वक्तशीरपणा, सिलॅबस पूर्ण झाला का, असे. शेवटी 'इतर सूचना' म्हणून दोन रेघा. 61 पैकी 23 जणांनी तिथे 'निल' लिहिलं. उरलेल्या 38 पैकी 14 जणांनी एकच गोष्ट लिहिली: मॅडम स्लाइड वाचतात.

हे खोटं नव्हतं. मॅडम स्लाइड वाचायच्या. टीपीएस, एमआयएस, डीएसएस असा तो पिरॅमिड, केनेथ आणि जेन लॉडन यांच्या जाडजूड पुस्तकातून उतरवलेली व्याख्या, आणि एका पट्टीतला आवाज. साडेतीन वाजता, जेवणानंतर, पंखा कटकट करत असताना. मी स्वतः मागच्या बाकावर लीटकोड सोडवायचो.

पण त्या 14 पैकी 9 ओळी शब्दशः सारख्या आहेत. 'स्लाइड रीड करतात, प्रॅक्टिकल नॉलेज नाही.' स्वल्पविरामासकट. ती ओळ माझी आहे. सीआर म्हणून पहिला फॉर्म मी भरला, वरच ठेवला, आणि गठ्ठा पुढे सरकला. हे मला तेव्हाही कळलं होतं. टाइप करताना तीच ओळ नऊदा आली तेव्हा हसू आलं होतं, आणि नंतर तर मी सरळ कॉपी-पेस्ट करत गेलो.

ओळीचा पहिला अर्धा भाग खरा. दुसरा? 'प्रॅक्टिकल नॉलेज नाही' हे मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या वर्गातल्या एकमेव व्यक्ती होत्या जिने खऱ्या कारखान्याचा पगार, स्टोअर आणि हजेरी यांची सिस्टीम उभी केली होती, पंच कार्डांच्या शेवटच्या दिवसांपासून. मग मी ते का लिहिलं? कारण आमच्या बोलीत 'प्रॅक्टिकल नॉलेज' म्हणजे कोड. ज्याला अँग्युलर येतं त्याला नॉलेज. मॅडम तर पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या की इन्फॉर्मेशन सिस्टीम म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे; माणसं, त्यांच्या कामाच्या रीती आणि यंत्रं, तिन्ही मिळून सिस्टीम. चार वर्षं सॉफ्टवेअरसाठी फी भरलेल्या वर्गाला हे कसं आवडावं?

याच वर्षी आम्हाला दुसरा एक विषय एक तरुण सर शिकवायचे. त्यांची शीटही माझ्याचकडे होती. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. 'नॉलेज' हा शब्द सरांच्या शीटमध्ये कौतुकाने सतरा वेळा येतो. मॅडमच्या शीटमध्ये चार शब्द फिरतात: स्वभाव, आवाज, स्ट्रिक्ट, समजून घेतात. एकीने लिहिलंय, 'मॅडम आईसारख्या आहेत पण मार्क देत नाहीत.' सरांबद्दल बापासारखे वगैरे कुणाला सुचलं नाही.

आमचाच वर्ग विशेष वाईट होता असं नाही. अमेरिकेत 1999 साली जॉन स्वॅपसिन्स्की नावाच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने (आपलेच भाऊबंद) प्राध्यापकांना गुण देण्याची साइट काढली, तीच पुढे 'रेट माय प्रोफेसर्स' झाली. त्यात प्राध्यापक दिसायला कसा आहे यासाठी चक्क लाल मिरचीचं चिन्ह होतं. 2018 मध्ये प्राध्यापिकांनी ओरड केल्यावर ते निघालं. 2015 मध्ये बेन श्मिट या इतिहासाच्या प्राध्यापकाने तिथली 1 कोटी 40 लाखांच्या आसपास मतं शब्दांनुसार मांडून दाखवली. 'जीनियस' पुरुषांकडे झुकलेला, 'बॉसी' बायकांकडे, आणि हे जवळपास सगळ्या विषयांत. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑनलाइन कोर्स, एक शिक्षक आणि एक शिक्षिका. दोघांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या. विद्यार्थ्यांना चेहरा दिसत नव्हता. गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी तपासून मिळत होते. तरी 'वेळेत काम करतात का' या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला 5 पैकी 4.35 आणि बाईच्या नावाला 3.55. विद्यार्थी फक्त 43 होते, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नये. पण वक्तशीरपणासारखी, घड्याळात दिसणारी गोष्टसुद्धा नावावरून बदलून दिसते, एवढं तरी मला पुरेसं आहे. आमच्या मॅडम कल्याणहून लोकलने यायच्या आणि एकदाही उशिरा आल्या नाहीत. शीटमध्ये त्यांचा वक्तशीरपणा 3.6 आहे.

आता त्या असाइनमेंटबद्दल. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला कॉलेजच्या कँटीनमध्ये पाठवलं. म्हणाल्या, तासभर बसा, आणि माहिती कुठून निघून कुठे जाते ते कागदावर काढा. आम्ही चहा पीत गेलो, बाण काढले: विद्यार्थी, कूपन, काउंटर, किचन. पाच मिनिटांचं काम. कागद परत आला तेव्हा प्रत्येक बाणावर लाल शाईत एकच प्रश्न होता: 'ही नोंद कोण करतं, आणि कधी?' पुन्हा गेलो. तेव्हा कळलं की वडे किती तळायचे हे कूपनवरून ठरतच नाही. कँटीनचे काका अकराच्या ब्रेकला दारात उभे राहून गर्दी बघतात आणि आत ओरडतात. कूपनं संध्याकाळी मोजली जातात, फक्त मालकाला हिशोब द्यायला. इंटर्नलमध्ये मला 20 पैकी 13 मिळाले आणि मी वैतागलो. फॉर्म भरला तो इंटर्नलचे मार्क नोटीस बोर्डावर लागल्यानंतरच्या चौथ्या दिवशी.

दोन वर्षांनी मी भिवंडीतल्या एका गोदामाच्या डॅशबोर्डवर काम करत होतो. ट्रक आत आल्यापासून माल उतरेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो याचा ग्राफ. ग्राफ देखणा होता. वेळ येत होती अकरा मिनिटं. क्लायंट खूश, मॅनेजर खूश. डेटा उघडून बघितला तर दिवसभरातल्या सगळ्या ट्रकांच्या नोंदी संध्याकाळी साडेसहा ते पावणेसातमधल्या. सुपरवायझर शिफ्ट संपताना बसून सगळी बटणं ओळीने दाबत होता. खरी वेळ गेटवरच्या वॉचमनच्या वहीत होती, बॉलपेनने. ती वही मागवावी हे मला कुठून सुचलं ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतला एक अभ्यास 2010 मध्ये आला होता, स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट यांचा. तिथे कुठल्या विद्यार्थ्याला कुठला शिक्षक हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि पेपर सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला कमी अनुभवी शिक्षकांच्या मुलांना मार्क जास्त पडले, आणि त्या शिक्षकांना मतंही चांगली मिळाली. पुढच्या कोर्सेसना मात्र जुन्या, अनुभवी शिक्षकांकडे शिकलेली मुलं सरस ठरली. मत मात्र पहिल्या कोर्सच्या शेवटी घेतलेलं. नेमकं जिथे 'कधी?' हा प्रश्न लाल शाईत लिहायला हवा तिथे.

याचं दुसरं टोक म्हणजे 'डॉक्टर फॉक्स'. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात संशोधकांनी एका नटाला गणितातला तज्ज्ञ म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणातल्या लोकांसमोर उभं केलं. भाषण मुद्दाम पोकळ, सांगण्याची ढब मात्र झकास. श्रोत्यांनी भरभरून चांगलं मत दिलं. आमच्या मॅडम बरोबर उलट्या होत्या: आत ऐवज, वर कंटाळा. पण म्हणून कंटाळा माफ करावा का? मला नाही वाटत. ऐवज पोचवणं हेही शिकवण्यातच येतं, आणि चाळीस तास स्लाइड ऐकलेल्या मुलांना ते म्हणायचा हक्क आहे. आपल्या कॉलेजांत तर जास्तच. इंटर्नल शिक्षकाच्या हातात, टर्मवर्कवर सही त्यांची, आणि तोंडावर बोलायची सोय नाही. हे दोन रेघांचे फॉर्म गेले तर काय उरतं? त्याच सेममध्ये एका सरांना सगळ्यांनी 5 पैकी 5 दिले होते, कारण गठ्ठा ते स्वतः गोळा करणार होते आणि सह्या बाकी होत्या. निनावी फॉर्मवर हस्ताक्षर निनावी नसतं.

म्हणून दोष मत देण्यात नाही, मताच्या दर्जात आहे. आणि दर्जा फॉर्म ठरवतो तितकाच लिहिणाराही ठरवतो. 'नॅक'च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 21 प्रश्न असतात, ते संपूर्ण संस्थेबद्दल असतात, आणि पहिलाच प्रश्न सिलॅबस किती शिकवून झाला याचा. आमच्या कॉलेजचा फॉर्म त्याच वळणाचा. असाइनमेंटमध्ये काय विचारलं गेलं, उत्तर चुकल्यावर पुढे काय झालं, याला कुठे चौकोनच नाही. आणि 2019 मध्येच एआयसीटीईने शिक्षकांच्या मूल्यमापनात 100 पैकी 25 गुण विद्यार्थ्यांच्या मतासाठी ठेवले. पंचवीस म्हणजे थोडे नव्हेत.

त्या शीटमधलं सर्वांत चांगलं लेखन कुणाचं ते मला माहीत नाही. ओळ 27: 'तासाची शेवटची दहा मिनिटं मॅडम कारखान्यातले किस्से सांगतात. ते आधी सांगा, स्लाइड नंतर.' ही समीक्षा. काय चांगलं आहे ते दाखवलं, कुठे बिघडतंय ते सांगितलं, आणि उद्यापासून करता येईल असा उपाय दिला. तीन ओळींत. माझ्या ओळीत यातलं काही नाही, पण नक्कल माझ्या ओळीची झाली, कारण ती छोटी होती आणि हुशार वाटत होती.

सरासरी निघाली 3.1. ऑफिसमधून निरोप आला की शीट लांबलचक नको, प्रत्येकाचं मत एका ओळीत, इंग्रजीत, आणि वर 'प्रमुख तीन तक्रारी' लिहा. मी लिहिल्या. पहिली तक्रार कोणती ते सांगायला नको. जानेवारीत नवीन सेम सुरू झालं तेव्हा व्हिजिटिंगच्या यादीत मॅडमचं नाव नव्हतं. त्यांना आणखी कुठे जागा मिळाली असेल, किंवा कल्याणची लोकल नकोशी झाली असेल. मी विचारलं नाही.

ओळ 44 मध्ये फक्त 'गुड' आहे. तो फॉर्म मला आठवतो, कारण तो एकटाच मराठीत होता आणि दोन रेघा पुरल्या नाहीत म्हणून मागच्या बाजूलाही लिहिला होता. कँटीनच्या काकांबद्दल होतं काहीतरी. घरी वडिलांच्या किराणा दुकानात जाऊन त्याने की तिने तसेच बाण काढून बघितले होते, उधारीच्या वहीचे. रात्रीचा दीड वाजला होता, अजून सतरा फॉर्म बाकी होते, आणि एका ओळीत इंग्रजीत ते बसत नव्हतं.