‘अशा रीतीने अभ्यास केला’: जर्नलची सवय आणि संशोधनाचं लेखन



‘इंजिनिअरिंगच्या मुलांना लिहिता येत नाही’ ही तक्रार तुम्ही ऐकलीच असेल. त्यावर उपाय म्हणून कम्युनिकेशन स्किल्सचा विषय असतो. त्यात पत्राचा नमुना, रिपोर्टचे प्रकार, व्याख्या. पण माझ्या मते लिहिण्याची खरी सवय लागते ती प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये, आणि तिथे आपण चार वर्षं उतरवून काढायला शिकतो.

आठवून बघा. उद्देश, साहित्य, कृती सिनियरच्या जर्नलमधून. रीडिंग जुळत नसेल तर ते ‘जुळवून’ घ्यायचं. शेवटी कन्क्लुजन: ‘अशा रीतीने आपण अमुक यंत्राचा अभ्यास केला.’ की झाली सही! मीही एम.एस्सी.पर्यंत हेच केलं. पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणाचा शेवटही तसाच केला, तेव्हा गाइडनी समासात एवढंच लिहिलं: ‘मग कळलं काय?’ उत्तर द्यायला मला अर्धी रीडिंग पुन्हा घ्यावी लागली.

आता चांगल्या तांत्रिक लेखनाचा एक नमुना. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे वेगवेगळे प्रकार मांडलेले आहेत. ते बघायला गेलात, तर १९२९ सालची एक जाहिरात लक्षात ठेवा. सुधारित चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी काय? आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० वार सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको. यंत्र २० वर्षं टिकावं, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांत बसावी. बाईला आठ तास चालवताना फार श्रम पडू नयेत.

यात ‘उत्कृष्ट’, ‘कार्यक्षम’ असे शब्द लागतच नाहीत. यंत्र पास की नापास, हे कोणीही मोजून सांगू शकतो. फक्त ‘फार श्रम’ म्हणजे किती, हे मोजायचं राहिलंच. चांगला मजकूर असा असतो: त्यातली कच्ची जागाही लगेच दिसते.

याउलट मध्यंतरी एक प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला. वायगावची हळद वाळवायचा सोलर ड्रायर. काम मेहनतीचं, पण निष्कर्ष काय, तर ‘समाधानकारक परिणाम मिळाले’. ओलावा किती टक्क्यांवरून कितीवर आला? किती तासांत? अंगणात वाळवलेल्या हळदीच्या तुलनेत? काहीच नाही. इंग्रजी बरं होतं. मोजलेलं कागदावर आलं नव्हतं.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. साठ-सत्तर जर्नलं एका दिवसात तपासायची, तर वाचणार कधी? म्हणून सगळीच नको. सेमिस्टरला दोनच प्रयोग मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावेत आणि तेवढे नीट वाचले जावेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. म्हणून आपण प्रबंधाच्या वेळी टक्केवारीची काळजी करतो. पण उतरवण्याची सवय त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

तुम्ही संशोधनाकडे येणार असाल तर आजच एक करा. जुनं जर्नल काढा, एक कन्क्लुजन निवडा आणि ‘मग कळलं काय?’ याचं उत्तर तीन वाक्यांत लिहा: काय मोजलं, किती आलं, शंका कुठे उरली. ते मित्राला द्या. त्याला प्रयोग न विचारता पुन्हा करता आला, तर तुम्हाला लिहिता येतं.