स्प्रेडशीटमधील दृश्यमांडणी : मर्यादांचा विचार

स्प्रेडशीट हे केवळ आकडेमोडीचे साधन नव्हे. आकडे वाचण्याचेही ते साधन आहे. म्हणूनच आकड्यांच्या दृश्यरूपात वापरणाऱ्याला कितपत फेरफार करता यावा, हा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही. 'मायक्रोसॉफ्ट एक्सेल'पुरता विचार केला, तर या बाबतीतील सर्व मर्यादा एकाच तोलाच्या नाहीत, असे दिसून येते.

काही मर्यादा रुचीला मुरड घालतात, अर्थाला धक्का लावीत नाहीत. २००७ च्या आवृत्तीत आलेल्या आयकॉन सेटांत बाण, सिग्नलचे दिवे अशी तयार चिन्हेच घ्यावी लागतात. स्वतः काढलेले चित्र त्यांत बसविता येत नाही. परंतु चिन्हे मोजकी असल्यामुळेच एकाचा तक्ता दुसऱ्याला चटकन उमगतो, हा लाभ नाकारता येत नाही.

त्याच आवृत्तीतील डेटा बारची गोष्ट निराळी. आकड्याच्या प्रमाणात सेलमधील पट्टी लहानमोठी व्हावी, ही कल्पना उत्तम होती. परंतु सर्वांत आखूड पट्टी सेलच्या १० टक्के आणि सर्वांत लांब ९० टक्के, असे आधीच ठरलेले होते. किमान मूल्य ० व कमाल १०० दिले, तरी १० ची पट्टी १८ टक्के आणि १०० ची ९० टक्के जागा व्यापी. आकडा दसपट, पट्टी मात्र पाचपटच! शून्यालादेखील पट्टी लाभे. मॅक्रो लिहू शकणाऱ्यालाच हे बंधन सैल करता येई. २०१० च्या आवृत्तीत पट्टी प्रमाणबद्ध झाली, ऋण संख्यांना उलट दिशा मिळाली. म्हणजे ते बंधन अपरिहार्य नव्हते.

भारतीय वाचकाला जाणवणारी मर्यादा या दोहोंच्या सीमेवर आहे. स्वल्पविरामांची गटवारी एक्सेल विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवरून घेते. त्यामुळे एका संगणकावरील १२,३४,५६७ दुसऱ्यावर १,२३४,५६७ असे दिसू शकतात. सेलला स्वतंत्र संख्या-फॉरमॅट देता येतो. पण त्यात दोनच अटी बसतात. लक्ष आणि कोटी यांतच त्या खर्ची पडतात व ऋण रकमा पाश्चात्त्य गटवारीतच राहतात. आकडा बदलत नाही, पण त्याची वाचनरीती फाइलबरोबर जात नाही.

तात्पर्य, सजावटीवरील बंधन क्षम्य मानता येईल; आकडा आणि त्याचे दृश्य यांच्या नात्यात ढवळाढवळ करणारे बंधन क्षम्य नव्हे. ते टाळता येत नसेल, तर निदान तक्ता वाचणाऱ्याला ते दिसले पाहिजे.