‘केलें’, ‘झालें’ आणि ‘होऊं दिलें’

एखादें मोठें युद्ध संपलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ दोन प्रकारचें वाङ्मय निर्माण होतें: एक पराक्रमाचें व दुसरें दोषारोपाचें. पहिल्याला कालांतरानें ओहोटी लागते. लढणारे वृद्ध होऊन निघून जातात, त्यांच्या आठवणी कपाटांत पडतात आणि सेनापतींचीं नांवें परीक्षेपुरतीं उरतात. दुसऱ्याचें तसें नाहीं. १९१४ सालीं युरोपांत जें महायुद्ध पेटलें त्याचा दोष कोणाचा, या प्रश्नावरील ग्रंथांचा ओघ शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि आटलेला नाहीं. या ग्रंथांची जंत्री देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. निकाल देणाऱ्यांनीं जी भाषा वापरली तिच्याकडे जरा बारकाईनें पाहावें आणि तिच्यावरून त्या निकालांची पारख करावी, एवढाच उद्देश आहे.

आपल्या भाषेंत अशा घटनेविषयीं तीन प्रकारांनीं बोलतां येतें. ‘अमक्यानें युद्ध केलें’ हा पहिला प्रकार. ‘युद्ध झालें’ हा दुसरा. आणि ‘अमक्यानें युद्ध होऊं दिलें’ हा तिसरा. पहिल्यांत करणारा स्पष्ट आहे व त्याचा हेतूहि गृहीत धरलेला आहे. दुसऱ्यांत वाक्याचा कर्ता खुद्द युद्धच होऊन बसतें. माणूस त्यांतून नाहींसा होतो. तिसऱ्यांत माणूस परत येतो, पण तो दुष्ट हेतूचा नव्हे, तर सामर्थ्य असून तें न वापरल्याचा ठपका घेऊन येतो. १९१४ विषयींचे गाजलेले निकाल बहुधा पहिल्या दोन क्रियापदांत दिले गेले आहेत. आणि कोणीं केव्हां कोणतें क्रियापद पसंत केलें हें पाहिलें, कीं त्या त्या वेळच्या राजकीय गरजेचा पत्ता लागतो. तिसरें क्रियापद सर्वांनाच गैरसोयीचें. म्हणून तें क्वचितच कोणीं हातीं धरलें.

घटनाक्रम थोडक्यांत असा. २८ जून १९१४ रोजीं सेरायेव्हो येथें ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी यांचा गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणानें खून केला. ५ व ६ जुलै रोजीं जर्मनीनें ऑस्ट्रियाला निःशंक पाठिंबा दिला. इतिहासकार त्यालाच ‘कोरा चेक’ म्हणतात. २३ जुलैला ऑस्ट्रियानें सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा खलिता धाडला आणि २८ जुलैला युद्ध पुकारलें. ३० जुलैला रशियाच्या झारनें संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीनें रशियाविरुद्ध व ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलें. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जममध्यें शिरल्या व इंग्लंड युद्धांत उतरलें. एवढ्या तारखांविषयीं मतभेद नाहीं. मतभेद आहे तो त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांविषयीं.

त्या जागा भरण्याचें काम तोफा सुरू होतांच हातीं घेतलें गेलें. प्रत्येक सरकारनें आपापला पत्रव्यवहार निवडून रंगीत वेष्टणांचीं पुस्तकें काढलीं: जर्मनीचें पांढरें, इंग्लंडचें निळें, रशियाचें नारिंगी, फ्रान्सचें पिवळें. या सर्वांचें क्रियापद एकच, ‘त्यांनीं केलें’. फ्रान्सच्या पिवळ्या पुस्तकांत तर रशियाच्या जमवाजमवीविषयींची आपल्याच वकिलाची तार अशी फिरवून छापली होती, कीं ऑस्ट्रियाच्या सार्वत्रिक जमवाजमवीला उत्तर म्हणून रशियाची जमवाजमव झाली असा समज व्हावा. वस्तुतः क्रम उलटा होता. तारखा बदलतां येत नसल्या तरी त्यांच्यामधील ‘म्हणून’ बदलतां येतो, हा धडा येथेंच मिळतो.

जेत्यांनीं २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहांत हेंच क्रियापद कायद्याच्या भाषेंत बसविलें. त्या तहाच्या २३१ व्या कलमाइतकी निंदा फार थोड्या वाक्यांच्या वांट्याला आली असेल. परंतु तें प्रत्यक्ष वाचणाऱ्याला आश्चर्य वाटतें, कारण ‘अपराध’ हा शब्द त्यांत नाहीं. जर्मनी व तिचे मित्र यांच्या आक्रमणामुळें लादल्या गेलेल्या युद्धांत जें नुकसान झालें त्याची जबाबदारी जर्मनी मान्य करते, असा त्याचा आशय. नुकसानभरपाईला कायदेशीर आधार असावा म्हणून तें लिहिलें गेलें. आणि लगेच पुढच्या कलमांत, एवढें सारें भरून देण्याची जर्मनीची ऐपत नाहीं, अशी कबुलीहि आहे. ऑस्ट्रिया व हंगेरी यांच्याशीं झालेल्या तहांतहि अशींच कलमें आहेत. पण पराभूत राष्ट्रानें हिशेबनिसाचें वाक्य न्यायाधीशाचें म्हणून वाचलें, आणि जेत्यांनींहि तो समज दूर करण्याची तसदी घेतली नाहीं.

आतां दुसऱ्या क्रियापदाचा उदय होतो. जर्मनीच्या परराष्ट्रखात्यांत केवळ या प्रश्नासाठीं एक स्वतंत्र शाखा उघडली गेली. त्याच खात्यानें १९२२ ते १९२७ या काळांत जुन्या पत्रव्यवहाराचे चाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कागद बहुतांशीं खरे होते. निवड मात्र प्रयोजनानें केलेली होती. अमेरिकेंत सिडने फे यांनीं १९२८ सालीं दोन भागांत जो ग्रंथ लिहिला तो मात्र प्रचारी नव्हे. त्याची भाषा संयमी, मांडणी निःपक्षपाती वकिलाची. ऑस्ट्रियावर तात्कालिक दोषाचा मोठा वांटा ठेवून, इतर सर्वांचे वांटेहि त्यांनीं नोंदले, आणि व्हर्सायचा निकाल टिकणारा नाहीं असें सांगितलें. परंतु सर्वांना थोडें थोडें वांटून दिलेलें ओझें कोणालाच जड वाटत नाहीं. फे यांचा विवेक सामान्य वाचकापर्यंत पोंचतां पोंचतां ‘कोणीच केलें नाहीं’ या सोप्या सूत्रांत रूपांतरित झाला.

त्या सूत्राला सर्वांत लोकप्रिय रूपक दिलें लॉइड जॉर्ज यांनीं. १९३३ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या युद्धस्मृतींत त्यांनीं राष्ट्रांचें वर्णन कड्यावरून घसरत जाणाऱ्यांचें केलें आहे. रूपक चित्रमय आहे, यांत शंका नाहीं. पण तें कोणाच्या लेखणींतून उतरलें हें विसरतां कामा नये. १९१४ च्या ऑगस्टांत हेच गृहस्थ ब्रिटिश मंत्रिमंडळांत होते, आणि १९१९ सालीं मुख्य प्रधान या नात्यानें व्हर्सायच्या तहावर त्यांचीच सही झाली होती. पराभूतापासून पैसे घ्यावयाचे होते तेव्हां ‘केलें’. स्वतःची कारकीर्द लिहावयास बसले तेव्हां ‘झालें’. एकाच माणसाच्या हातून चौदा वर्षांत घडलेला हा क्रियापदांचा पालट या संबंध वादाचें सार सांगून जातो.

याच सुमारास तिसरा एक पक्ष निराळेंच उत्तर देत होता. रशियांतील बोल्शेव्हिकांनीं सत्तेवर येतांच, १९१७ सालीं, झारचे गुप्त करार चव्हाट्यावर आणले. त्यांच्या मतें युद्ध केलें तें भांडवलशाहीनें. बाजारपेठा व वसाहती यांच्या वांटणीचा तो झगडा होता. या उपपत्तींत सत्यांश पुष्कळ आहे. पण येथें करणारा असूनहि त्याला चेहरा नाहीं. भांडवलशाही १९११ सालींहि होती. मोरोक्कोवरून त्या वर्षीं हीच राष्ट्रें समोरासमोर आलीं व मागें फिरलीं. तीन वर्षांनीं तीं मागें कां फिरलीं नाहींत, याचें उत्तर केवळ व्यवस्थेकडे बोट दाखवून मिळत नाहीं.

१९६१ सालीं हॅम्बुर्गचे अध्यापक फ्रित्स फिशर यांनीं जर्मनीच्या युद्धहेतूंवरील आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पहिलें क्रियापद खुद्द जर्मन भाषेंत उच्चारलें गेलें. या ग्रंथाचें गद्य रुक्ष आहे. कागदामागून कागद रचीत लेखक पुढें सरकतो. पण त्या रुक्षपणांतच त्याचें बळ आहे. गेरहार्ड रिटर यांच्यासारख्या जुन्या इतिहासकारांनीं त्यांच्यावर कडाडून हल्ला केला. १९६४ सालीं फिशर यांच्या अमेरिकेंतील व्याख्यानांसाठीं मंजूर झालेली सरकारी मदत पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रखात्यानें काढून घेतली. ग्रंथाचा एक दुवा कच्चा आहे. ९ सप्टेंबर १९१४ च्या ज्या योजनेवर फिशर यांचा भर आहे ती लढाई सुरू झाल्यानंतरची; आग लागल्यावर कोणीं काय लुटावयाचें ठरविलें यावरून आग कोणीं लावली हें सिद्ध होत नाहीं. परंतु जुलैच्या आरंभीं बर्लिननें व्हिएन्नाला मागें न खेंचतां पुढें लोटलें, हा त्यांचा मुख्य मुद्दा आजतागायत कोणीहि उखडून टाकूं शकलेला नाहीं.

२०१२ सालीं ख्रिस्तोफर क्लार्क यांचा ग्रंथ आला, आणि ‘झोपेंत चालणारे’ हें त्याचें नांव जगभर झालें. कथनकौशल्यांत फिशर त्यांच्या पासंगालाहि पुरणार नाहींत. ग्रंथाचा आरंभ होतो तो १९०३ सालीं बेलग्रेडच्या राजवाड्यांत सर्बियाचा राजा व राणी यांच्या झालेल्या खुनानें. हा आरंभ नाट्यपूर्ण आहे; तसाच तो निर्णायकहि आहे. कथा जेथें सुरू होते तेथला माणूस आपोआप पहिला आरोपी ठरतो. व्हर्सायकारांनीं ऑगस्टमधील बेल्जमपासून आरंभ केला, तेव्हां जर्मनी सांपडली. क्लार्क १९०३ पर्यंत मागें गेले, तेव्हां सर्बियन कटवाले पुढें आले. क्लार्क एकाच राष्ट्राला पिंजऱ्यांत उभें करावयास नकार देतात, आणि तो नकार प्रामाणिक आहे. जर्मनींत या ग्रंथाचें जें अपूर्व स्वागत झालें त्याचा दोष ग्रंथकाराला देतां येणार नाहीं. पण रूपकाला दोष देतां येतो. झोपेंत चालणाऱ्याला कोणतेंहि न्यायालय शिक्षा करीत नाहीं.

आणि वस्तुस्थिति तरी काय होती? २९ जुलैच्या संध्याकाळीं झारनें सार्वत्रिक जमवाजमवीला दिलेली संमति कैसरची तार येतांच त्याच रात्रीं मागें घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं मंत्र्यांच्या आग्रहास्तव पुन्हां दिली. २८ जुलैला सर्बियाचें उत्तर वाचून युद्धाचें कारणच उरलें नाहीं असें कैसरचें मत झालें, आणि ऑस्ट्रियानें बेलग्रेडपाशीं थांबावें असें त्यानें सुचविलें. त्याच्या मुख्य प्रधानानें ती सूचना विलंबानें व सौम्य करून पुढें धाडली. कड्यावरून घसरणारा माणूस मध्येंच एक रात्र थांबत नाहीं. झोपेंत चालणारा दुसऱ्याच्या पत्रांतील शब्द कमीजास्त करीत नाहीं. हीं जागीं माणसें होतीं.

येथें एक शंका निघेल, कीं सर्वच निकाल राजकीय सोयीनें दिले गेले असतील तर सत्य असें कांहीं उरतच नाहीं काय? मला तसें वाटत नाहीं. वकील पक्षपाती असतो म्हणून खून झालाच नाहीं असें ठरत नाहीं. महाभारतकारांना ही गोष्ट नीट ठाऊक होती. धृतराष्ट्र वारंवार दैवाचें नांव घेतो. त्याचें क्रियापद ‘झालें’. संजय त्याला तितक्याच वेळां बजावतो, कीं महाराज, दोष तुमचा आहे. आणि युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वांत गांधारी कृष्णाला शाप देते तो युद्ध केल्याबद्दल नव्हे. समर्थ असून उपेक्षा केल्याबद्दल देते. दुर्योधनाचा दोष त्यामुळें उणा होत नाहीं. एका दोषानें दुसरा पुसला जात नाहीं, एवढेंच महाभारतकार सांगतात.

हा न्याय १९१४ ला लावला तर वांटणी अशी होईल. सर्बियावरील लहान युद्ध ऑस्ट्रियानें जाणून बुजून केलें. त्यांतून मोठें युद्ध उद्भवेल हें दिसत असतां ‘उद्भवलें तर उद्भवो’ असें म्हणून जर्मनीनें तिच्या पाठीशीं बळ उभें केलें. ज्याला ‘केलें’ आणि ‘होऊं दिलें’ यांच्या सीमेवरचें म्हणावें असें हें कृत्य आहे. रशियानें, फ्रान्सनें व इंग्लंडनें तें होऊं दिलें. प्रत्येकाला आंवरतें घेण्याची वा वेळींच स्पष्ट बोलण्याची संधि होती. सर्व दोषी आहेत, पण सारखे दोषी नाहींत. हें वाक्य कोणत्याहि राजधानींत टाळ्या मिळविणारें नाहीं. कदाचित् म्हणूनच तें विश्वासार्ह आहे.

या वादांत ज्यांना कोणींच साक्षीला बोलाविलें नाहीं असाहि एक वर्ग आहे. हिंदुस्थान त्या युद्धांत ओढला गेला तो कोणाहि हिंदी माणसाला न विचारतां. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व सेवक समुद्रापार गेले. मेसोपोटेमियांत गेलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत येथें उपासमारीनें जी फौज शरण गेली तींत त्यांचे शिपाई होते. त्यांनीं युद्ध केलें नव्हतें, होऊंहि दिलें नव्हतें. ‘झालें’ हें क्रियापद खरोखर कोणाला शोभत असेल तर तें त्यांना. आणि तें वापरण्याची त्यांच्यावर कधीं पाळी आली नाहीं, कारण त्यांना कोणीं विचारलेंच नाहीं.

ज्यांच्या हातीं हुकूम होते त्यांनीं हें दुबळ्यांचें क्रियापद उसनें घ्यावें, ही या वाङ्मयांतील खरी विसंगति होय. वाचकानें तिच्यापासून एक साधी संवय लावून घ्यावी. कोणत्याहि युद्धावरील ग्रंथ हातीं आला, कीं लेखक परक्यांच्या कृतीसाठीं कोणतें क्रियापद योजतो आणि स्वकीयांच्या कृतीसाठीं कोणतें, हें आधीं पाहावें. दोन्हीं ठिकाणीं तें एकच असेल तर पुढें वाचावें. निराळें असेल तरीहि वाचावें, पण हातांत पेन्सिल धरून.