काळा घोडा परिसराचे पुनरुज्जीवन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जुन्या शहरभागाचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ इमारतींची डागडुजी नव्हे. तेथील कलाव्यवहार व बाजार यांचा रोजचा राबता टिकणे हाही त्याचा अर्थ आहे. या दोन निकषांवर दक्षिण मुंबईतील काळा घोडा परिसराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील सातवा एडवर्ड, याच्या अश्वारूढ पुतळ्यावरून या परिसरास नाव मिळाले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला व त्या जागी वाहने उभी राहू लागली. डेव्हिड ससून ग्रंथालय, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि १९५२ साली सुरू झालेले जहांगीर कलादालन हाकेच्या अंतरावर होते. परंतु त्यांना जोडणारा धागा नव्हता.

पुनरुज्जीवनाची वाटचाल :
१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय सुरू झाले. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली व १९९९ पासून तिचा कला महोत्सव सुरू झाला. नऊ दिवसांच्या या महोत्सवास प्रवेशशुल्क नसते, ही त्याची मोठीच जमेची बाजू होय. २०१७ मध्ये चौकात स्वाराविना घोडा उभारला गेला. राजा गेला आणि लोकांनी दिलेले नाव राहिले, असा त्याचा अर्थ लावता येतो. २०१८ मध्ये युनेस्कोने येथील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मर्यादा :
तथापि, याच काळात कलावंतांची हक्काची ठिकाणे नाहीशी झाली. जहांगीर कलादालनातील १९६४ पासूनचे 'समोवार' उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले. २०१६ मध्ये 'ऱ्हिदम हाऊस' हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान बंद झाले. संगीत ऐकण्याची व विकत घेण्याची रीतच बदलली होती. ज्या वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र दाखविण्यात आले, त्या वास्तूतील (एस्प्लनेड मॅन्शन) रहिवाशांना धोक्यामुळे २०१९ मध्ये बाहेर काढावे लागले.

याचा दोष महोत्सवास देणे अन्यायाचे ठरेल. खरी उणीव नियमावलीच्या दृष्टीत आहे. ती इमारतीला श्रेणी देते. इमारतीत चालणाऱ्या चहाच्या बैठकीला किंवा दुकानाला देत नाही. दगड सुरक्षित राहतो, वापर मात्र भाड्याच्या व बाजाराच्या हाती जातो.

तौलनिक विचार :
झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. धानाची कापणी आटोपल्यावर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावी मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. वडसा येथे मंडळ्यांची कार्यालये आहेत. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे वारसावास्तू नाही. परंतु तिकीट काढणारा प्रेक्षक आहे आणि कलावंताला काम आहे.

समारोप :
काळा घोडा परिसराने वास्तू वाचविल्या व नागरिकांना रस्ता परत दिला, हे निर्विवाद आहे. मात्र पुनरुज्जीवनाचे मोजमाप नऊ दिवसांच्या गर्दीवर न करता उरलेल्या वर्षभरात सामान्य कलावंतास तेथे बसण्यास, विकण्यास व भेटण्यास जागा परवडते काय, यावर व्हावयास हवे. वारसा-धोरणात वास्तूबरोबर वापराचाही विचार झाला, तरच हे पुनरुज्जीवन पूर्णत्वास जाईल.