मायना आणि युद्धकालीन पत्रे

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे टपाल-तपासणी कचेरीतून जात. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतील उतारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ते बहुतांशी त्या कचेरीच्या इंग्रजी भाषांतरातील आहेत. रत्नागिरी हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. तेथील वाचकास अशा भाषांतराची उणीव मायन्यातच जाणवेल. मराठी पत्रात ‘सौभाग्यवती मातोश्री’ म्हणजे पिता हयात. ‘गंगाभागीरथी मातोश्री’ म्हणजे ती विधवा. घरचे मृत्युवृत्त पोचलेल्या मुलाचा शोक प्रथम या शब्दबदलात प्रकटतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी केवळ ‘आई’ उरते. म्हणून हा संग्रह इतिहासाचे मोलाचे साधन असला, तरी पत्रभाषेच्या अभ्यासास तो अपुराच होय.