वेढ्यातला निवेदक आणि वेढ्याबाहेरचा साक्षी : ‘माझा प्रवास’ व ‘सोल्फेरिनोची आठवण’ यांचा तौलनिक विचार

युद्धकाळात शस्त्र न धरलेल्या माणसाचे रक्षण आणि त्याच्यापर्यंत अन्न, पाणी, औषध पोहोचविण्याची मोकळीक हा विषय सामान्यतः आंतरराष्ट्रीय विधिशास्त्राकडे सोपविला जातो. परंतु या विधीच्या उगमाशी एक साहित्यसंहिता आहे. हेन्री ड्यूनंट या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने १८६२ मध्ये स्वखर्चाने छापलेले ‘सोल्फेरिनोची आठवण’ हे फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत, २२ ऑगस्ट १८६४ रोजी, पहिला जिनिव्हा करार झाला. एका निवेदनातून कायदा जन्मत असेल, तर त्या निवेदनाने कोणाला पाहिले आणि कोण त्याच्या दृष्टीबाहेर राहिला, हा प्रश्न साहित्याभ्यासकाचाही ठरतो. प्रस्तुत टिपणात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या संदर्भात हा प्रश्न तपासला आहे. दोन्ही संहितांत प्रभावसंबंध नाही. ही तुलना केवळ समांतरतेची आहे. सोल्फेरिनोची लढाई २४ जून १८५९ ची, तर झाशीचा वेढा मार्च-एप्रिल १८५८ चा. दोन्ही घटनांत सव्वा वर्षाचेच अंतर आहे.

दोन्ही निवेदक रणभूमीवर योगायोगाने पोहोचतात. ड्यूनंट अल्जीरियातील आपल्या उद्योगासंबंधी तिसऱ्या नेपोलियनची भेट घ्यावी म्हणून निघाला होता. वरसईचे गोडसे भटजी बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल या आशेने काकांसह उत्तरेकडे निघाले होते. दोघांचाही हेतू अर्थार्जनाचा होता आणि दोघांच्याही हाती अखेर साक्ष आली. साम्य मात्र येथेच संपते.

ड्यूनंटचा निवेदक लढाईबाहेरचा आहे. तो कुठल्याही पक्षाचा नाही आणि त्याला हवे तिथे जाता येते. कास्तिल्योने गावातील चर्चमध्ये पडलेल्या जखमींपर्यंत तो पोहोचतो, गावातील स्त्रियांना जमवितो, पाणी आणि पट्ट्या मागवितो. त्याच्या पुस्तकाची रचनाही या स्थानाला अनुरूप आहे. प्रथम लढाईचे वर्णन, मग शुश्रूषेचे आणि शेवटी वाचकाला, म्हणजे युरोपातील राजे, सेनापती व दानशूर यांना, थेट विचारलेला प्रश्न व मांडलेली योजना. हे पुस्तक आठवणीचे रूप घेतलेला विनंतीअर्ज आहे. मात्र त्यातील दुःखाचा धनी सैनिक आहे. नागरिक येथे दिसतो तो शुश्रूषा करणारा म्हणून. करारातही हीच दृष्टी उतरली. १८६४ च्या कराराच्या पाचव्या कलमाने रहिवाशांना अभय दिले, पण ते जखमींना साहाय्य करणाऱ्या रहिवाशांना. नागरिक कायद्यात आला तो मदतनीस म्हणून. पीडित म्हणून त्याची नोंद व्हायची होती.

‘माझा प्रवास’मधील निवेदक नेमका हा नोंद न झालेला माणूस आहे. ह्यू रोजच्या फौजेने वेढलेल्या शहरात तो अडकलेला आहे. बाहेर जाण्याची वाट नाही, आत येणारा कोणी तटस्थ नाही. तोफांच्या माऱ्याखालचे दिवस, शहर पडल्यानंतरची कत्तल, पलटणींनी पाळीपाळीने केलेली लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश, रस्तोरस्ती पडलेली प्रेते हे सारे तो लपून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने सांगतो. त्यामुळे त्याचे निवेदन तुटक आहे. त्यात लढाईचा समग्र नकाशा नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी विहिरीपाशी भेटते, तो प्रसंग मराठी वाचकाला राणीच्या करुणोदात्त चित्रासाठी स्मरतो. त्याच प्रसंगात पाणी काढून देण्यास पुढे सरसावलेला एक निःशस्त्र वाटसरूही आहे, हे आपण सहसा पाहात नाही.

ड्यूनंटच्या पुस्तकाला संबोधित आहे. गोडसे यांच्या संहितेला तो नव्हता. १८५८ मध्ये घडलेले त्यांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिले. चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ मध्ये, लेखकाच्या पश्चात, संस्कार करून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. सत्तेच्या भयामुळे मदतीप्रमाणेच साक्षीलाही वेढ्याबाहेर पडण्यास वाट मिळाली नाही. शिवाय १८६४ चा करार आधी झाला असता, तरीही तो झाशीला लागू पडला नसता. तो राज्याराज्यांतील युद्धांपुरता होता, आणि इंग्रजांच्या लेखी झाशीचे लोक शत्रुराष्ट्राचे नव्हे, बंडखोर होते. अंतर्गत संघर्षातील माणसाला किमान संरक्षण देणारे सामाईक तिसरे कलम आणि नागरिकांसाठीचा स्वतंत्र चौथा करार १९४९ मध्ये झाला. उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई १९७७ च्या पूरक मसुद्यांनी केली. भारत त्या मसुद्यांचा पक्षकार नाही.

येथे गोडसे यांना आधुनिक मानवतावादी ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. त्यांची करुणा वर्णभानाच्या चौकटीत वावरते. कोणाची विटंबना अधिक दुःखद, याविषयी त्यांचे निकष ठरलेले आहेत. पण ड्यूनंटची तटस्थताही निरपवाद नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या अल्जीरियात जमिनीची सवलत मागणाऱ्या या माणसाच्या करुणेचा परीघ या पुस्तकापुरता तरी युरोपीय रणांगणाचा आहे. वसाहतीतील वेढलेले शहर त्यात येत नाही. दोन्ही संहिता एकमेकींच्या मर्यादा दाखवितात, म्हणूनच त्या एकत्र वाचावयाच्या.

या वाचनाला आजही प्रयोजन आहे. १९७७ च्या पहिल्या मसुद्याचे सत्तरावे कलम मदतकार्याला संबंधित पक्षांच्या संमतीची अट घालते. म्हणजे वेढा घालणाऱ्याचा होकारही लागतो. सीरियात सरकारच्या संमतीविना सीमेपलीकडून मदत नेण्याची मुभा सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये दिली. २०२० पर्यंत त्यासाठी एकच नाका उरला आणि २०२३ मध्ये ती मुभाही संपली. बाहेरचा साक्षी आत जाऊ शकतो हे ड्यूनंटचे गृहीतक आहे, आणि ते पुन्हा पुन्हा कोसळते. तेव्हा उरतो तो आतला निवेदक. त्याच्याजवळ योजना नसते, संबोधित नसतो, कित्येकदा प्रकाशकही नसतो.

‘माझा प्रवास’ मराठी समीक्षेने राणीच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले, प्रवासवर्णनाचा आद्य नमुना म्हणून वाचले. वेढ्यात सापडलेल्या नागरिकाची साक्ष म्हणून ते वाचणे अद्याप पुरेसे घडलेले नाही. तसे वाचले, तर साराजेव्हो वा लेनिनग्राड येथील वेढ्यांच्या दैनंदिन्यांशेजारी या ग्रंथाचे स्थान निश्चित करता येईल. आणि रक्षण कोणाचे करावयाचे, हे कायद्यापूर्वी निवेदनच ठरविते, हेही त्यातून स्पष्ट होईल.