गाळीव गदर

विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या 'माझा प्रवास' या एकाच नावाखाली मराठीत दोन पुस्तके आहेत. पहिले चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापले, दुसरे दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली, मूळ हस्तलिखितावरून. मधली 59 वर्षे मराठी वाचक 1857ची झाशी म्हणून जे वाचत होता, ते वैद्यांच्या हाताखालून गेलेले होते: भाषा सफाईदार केलेले, फेरफार केलेले, मधूनमधून गाळलेले. अमृतलाल नागरांचा 'आँखों देखा गदर' हा हिंदी अनुवाद 1948चा, म्हणजे हिंदीतही वैद्यांचेच विष्णुभट पोचले. इंग्रजीला उशिराचा फायदा झाला. मृणाल पांडे यांचा अनुवाद 2011चा, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा 2014चा. तोवर पोतदारांची प्रत हाताशी होती.

सेन्सॉरशिपची आपली चर्चा बहुधा बंदीभोवती फिरते. कोणता सिनेमा अडला, कोणते पुस्तक दुकानातून उचलले, कोणावर गुन्हा दाखल झाला. मला 'माझा प्रवास'ची हकीकत जास्त बोलकी वाटते. या पुस्तकाच्या आड सरकार आलेच नाही. ते छापले गेले, विकले गेले, नावाजले गेले. फक्त लेखकाने लिहिले होते तसे ते 1966पर्यंत कोणाच्या हाती पडले नाही.

वैद्यांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. कल्याणच्या या घराण्याकडे विष्णुभटांची भिक्षुकी होती. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा माणूस बंडाच्या वावटळीत सापडला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्याला हे सारे लिहून काढायला लावले ते वैद्यांनीच. नाहीतर ही झाशी वरसईच्या एखाद्या ओटीवर सांगून संपली असती. पण लिहिण्याचे आणि छापण्याचे साल शेजारी शेजारी ठेवून पाहावे. लेखन 1883च्या सुमाराचे. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा लिटनचा 1878चा कायदा रिपनने आदल्याच वर्षी रद्द केला होता, पण राजद्रोहाचे 124अ कलम 1870पासून ठाण मांडून होते. 1897 साली त्याखाली टिळकांना शिक्षा झाली. पुस्तक निघाले 1907 साली. पुढच्याच वर्षी टिळक मंडालेला गेले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते चिंतामणराव वैद्य. 1909 साली सावरकरांच्या 1857वरच्या पुस्तकावर ते छापून बाहेर पडण्याआधीच बंदी आली. 1910 साली प्रेस ॲक्ट आला, खाडिलकरांचा 'कीचकवध' रंगभूमीवरून उतरला. अशा काळात, ग्वाल्हेर संस्थानाचे सरन्यायाधीश राहिलेल्या माणसाच्या टेबलावर एका भटजीचे हस्तलिखित आहे. गदरात शिंदे सरकार कोणाच्या बाजूला होते, हे त्याला कोणी सांगायला नको. तो लेखणी हातात घेतो आणि भाषा नीट करायला बसतो.

छापील पानावर पाहिले तर कोणती ओळ धास्तीपोटी गेली आणि कोणती अभिरुचीपोटी, हे वेगळे करता येत नाही. वैद्यांना स्वतःला तरी ते वेगळे करता आले असते का, याची मला शंका आहे. 'भाषा ओबडधोबड आहे' ही तक्रार प्रामाणिकही असते आणि सोयीचीही. तिच्या आडोशाने बरेच काही निघून जाते. निकाल देणारा कोणी नसतो, म्हणून अपीलही नसते.

मी झाशीच्या छावणीत राहते, त्यामुळे हे पुस्तक मला नकाशासारखे वाचावे लागते. बंडाची इंग्रजी हकीकत छावणीतून सुरू होते. 5 जून 1857ला इथल्या स्टार फोर्टमध्ये बाराव्या पलटणीच्या शिपायांनी दारूगोळा ताब्यात घेतला, 8 जूनला जोखनबागेत गोऱ्या स्त्रीपुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. ही बाजू भरपूर लिहिली गेली. पुढच्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोझची फौज तटावरून शहरात उतरली, तेव्हा आत काय झाले हे आतून सांगणारा आवाज मराठीत एकच आहे. पुढे 1861 साली इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना देऊन टाकले आणि 1886 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले. विष्णुभट वरसईत बसून लिहीत होते तेव्हा छावणी इंग्रजांची होती आणि शहर शिंद्यांचे. ज्या रस्त्याने मी भाजी आणायला जाते, त्यावर कुठेतरी ती सरहद्द असणार.

त्या आतल्या आवाजाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तो ओरडत नाही. लुटीचे वर्णन पाहा. कोणाच्या वाट्याला कोणता दिवस आणि कोणत्या दिवशी कोणता माल, असे ते चालते: आधी सोनेचांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, शेवटी धान्य. कोष्ट्यांच्या वस्तीची राखरांगोळी, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासाडी, बळदात दडून काढलेला वेळ, सगळे याच सुरात. दक्षिणेचा हिशेब ठेवायची सवय असलेला माणूस एका शहराच्या मरणाचा हिशेब ठेवतो आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. क्रम आहे, वजन आहे, भाव आहे. सरकारवर एक शब्दाची टीका न करता सरकारने केले काय, हे सांगून झालेले असते. अशा मजकुरात काही गाळायचे तर विशेषण गाळून भागत नाही, यादीतली वस्तूच गाळावी लागते. आणि 'ही यादी जरा लांबते' असे कोणत्याही संपादकाला सहज वाटू शकते.

अनुवाद करणाऱ्याला इथे घाम फुटतो. हिंदीत वीररस हाताशी तयार असतो; 1946च्या वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीपासून शाळेच्या पाठांपर्यंत झाशी म्हटले की वाक्य आपोआप ताठ उभे राहते. विष्णुभटांचे वाक्य ताठ उभे राहत नाही. ते चालून दमलेले असते. त्याला उभे करणे हीसुद्धा गाळणीच, फक्त उलट्या दिशेची.

विहिरीचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजींना पाणी ओढू देत नाही, स्वतः ओढून पिते. विधवेला लागते ते किती, तरी हे का पत्करले, अशा अर्थाचे दोन शब्द बोलते आणि निघते. निराश झालेली, यश न आलेली बाई आहे ती. नोव्हेंबर 2021 मध्ये झाशीच्या किल्ल्यापाशी राष्ट्र रक्षा समर्पण पर्व झाले, पंतप्रधान आले. वर्ष संपता संपता स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्याचे जाहीर झाले. राणीचा गौरव व्हावा, माझी ना नाही. पण त्या गौरवात हरलेली राणी कुठे नव्हती, आणि कोष्ट्यांची वस्ती तर नव्हतीच. सत्तेला नायिका चालते. साक्षीदार तेवढा चालत नाही.

साक्षीदार म्हटले की खरेखोटे आले. विष्णुभट अफवाही लिहून ठेवतात. धर्मात ढवळाढवळ करणाऱ्या कलमांची यादी कलकत्त्यात राजेरजवाड्यांपुढे ठेवली गेली, ही वाटेत ऐकलेली गोष्ट ते भरपूर तपशिलाने देतात. अशी सभा भरली नव्हती. पण ती भरली असे लाखो लोकांनी मानले, आणि त्या मानण्यावर शिपाई उठले. इतिहासकाराला ही पाने सोन्याच्या मोलाची. आता 2023 साली केंद्र सरकारने आयटी नियमांत केलेली दुरुस्ती आठवा: सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, फसवा किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मते फुटली, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती दुरुस्ती रद्द झाली. अफवा घातक असतात, लोक त्यांनी मरतात, हे मला मान्य आहे. तरी जिच्यावर आरोप आहे तीच व्यक्ती पंच, ही व्यवस्था गावकीच्या तंट्यातही कोणी ऐकून घेत नाही.

सरकार आपल्याला वाचते कसे, हा प्रश्न भाषांतरवाल्यांनी तरी विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर आपल्याच धंद्यात आहे. मुंबई सरकारात ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचे खातेच होते. देशी वृत्तपत्रांतला मजकूर इंग्रजीत उतरवून वर पाठवणे हे त्याचे काम. 1908च्या खटल्यात 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले लेख ज्युरीसमोर आले ते भाषांतर होऊन. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द बसतो यावर वाद घातला. त्या खटल्याचे कागद मी तौलनिक साहित्याच्या वर्गात लावले असते. मूळ लेखाला शिक्षा होत नाही, त्याच्या अनुवादाला होते. भोगतो मात्र मूळ लेखक. सात विरुद्ध दोन, सहा वर्षे.

आजचे कलम बदलले आहे. 124अ सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्थगित ठेवले, आणि 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी 152 आले. राजद्रोह गेला, आता देशद्रोह, असे संसदेत समजावून सांगितले गेले. हाही अनुवादच, आणि माझ्या मते वाईट. 'राज' म्हणजे सरकार, त्यावर टीका करणारा निदान सरकारपुरता गुन्हेगार ठरत होता. 'देश' म्हटल्यावर त्याला उभे राहायला जमीनच उरत नाही.

अनुवादच गोत्यात आल्याचे अगदी जवळचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला डिसेंबर 2022 मध्ये राज्याचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. सहा दिवसांनी, 12 डिसेंबरला, शासन निर्णय निघाला: पुरस्कार रद्द, निवड समितीही रद्द, कारण प्रशासकीय. काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, शासकीय समित्यांवरच्या काहींनी राजीनामे दिले. पुस्तकावर बंदी नव्हती, ते दुकानात मिळत होते. मला त्या शासन निर्णयाच्या गद्यातच रस आहे. 'या पुस्तकाने नक्षलवादाचे उदात्तीकरण होते' असे त्यात लिहिले असते, तर त्याचा प्रतिवाद करता आला असता. कोणते पान, कोणते वाक्य, असे विचारता आले असते. 'प्रशासकीय कारण' या दोन शब्दांना प्रतिवाद नाही. वैद्यांच्या 'भाषा नीट केली'ला नाही, तसाच.

फरक आहे, तोही सांगायला हवा. वैद्यांच्या काळात गाळणाऱ्याला निदान मूळ कागद जपण्याची बुद्धी होती. विष्णुभटांचे हस्तलिखित त्यांनी पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले, म्हणून पोतदारांना ते मिळाले. आपण जे गाळतो ते कॉम्प्युटरवर गाळतो. मागे एका प्रकाशकाकडून माझ्या एका अनुवादाची फाईल परत आली. सोबत एकच ओळ होती, 'जरा सौम्य करता आले तर बघा'. कोणती जागा, ते लिहिले नव्हते. अडीचशे पानांच्या पुस्तकात नेमके काय सौम्य करायचे, हे मी ओळखावे अशी अपेक्षा होती, आणि खरे सांगायचे तर कोणत्या तीन जागा असतील ते मला लगेच कळले. तेवढ्या जागा सोडून बाकी सगळे दुरुस्त करून मी फाईल पाठवली. पुस्तक निघाले नाही.

'माझा प्रवास'ची एक आवृत्ती कोणीतरी काढायला हवी: डाव्या पानावर पोतदारांचा मजकूर, उजव्या पानावर वैद्यांचा. टीपा नकोत, प्रस्तावना दोन पानांची. वैद्यांनी गाळले तिथे उजवे पान तेवढेच कोरे सोडावे. हिंदीतही अशीच, पोतदारांवरून नवा अनुवाद करून आणि समोर नागरांचा ठेवून, कारण झाशीतली मुले हिंदीतच वाचणार. त्यातली लुटीची पाने मी करून ठेवली आहेत. 'बळद'ला बुंदेलखंडीत काय म्हणतात, ते सदर बाजारातल्या एका धान्यवाल्याला विचारून घेतले.